पानाची डावी बाजू

सुटलात म्हणे तुम्ही.

दाराशी चपला काढता काढताच प्रत्येक जण हे वाक्य म्हणत आत आला. तुमच्या कारखान्यातले लोक, मल्लेश्वरमच्या आपल्या गल्लीतल्या बायका, बेळगावाहून आलेले नातेवाईक, सगळ्यांचं एकच. "आंधळेपणाचे हाल संपले हो, सुटले बिचारे." मी भिंतीला टेकून मान हलवत होते. पायरीवरून पडलात, खुबा मोडला, अंथरुणाला खिळलात आणि छातीत कफ होऊन गेलात, एवढं ऐकलं की लोकांचं समाधान होतं. रोजच्या पायाखालची पायरी चुकलीच कशी, हे कोणी विचारलं नाही. मी विचारते आहे. तुम्ही असताना विचारलं की "झालं तुझं सुरू" म्हणायचात. आता म्हणून बघा.

आज सकाळी तुमचे धाकटे भाऊ, दत्ताभावजी, बेळगावच्या गाडीत बसले आणि घर रिकामं झालं. जाताना ते माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांना मी भर पंगतीतून उठवलं होतं. त्याचंही कारण तुम्हीच आहात, पण ते पुढे सांगते. आधी आपलं जुनं भांडण, जे अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात.

तुम्ही देखभालीचे इंजिनिअर. कारखान्यातली एवढाली यंत्रं तुमच्या जिवावर चालायची, असं तुम्ही स्वतःच सांगायचात आणि ते खरं होतं. "बंद पडल्यावर उघडतो तो मिस्त्री, बंद पडायच्या आधी उघडतो तो इंजिनिअर," हे तुमचं वाक्य आपल्या नलूला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. घरातसुद्धा तेच. महिन्याचा पहिला रविवार आला की माझं शिवणाचं मशीन तुम्ही उघडून बसणार, चांगलं चालत असलं तरी. भिंतीवरचं घड्याळ, स्टोव्ह, सायकल, सगळ्यांची पाळी यायची. घरमालकीणबाई सरोजम्मांचा पाणी उपसायचा पंपदेखील तुमच्या तावडीतून सुटला नाही. लाल कोब्याच्या जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून, स्क्रू ओळीनं मांडून बसलात की तुमच्याकडे बघत राहावंसं वाटायचं. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण तुम्ही लगेच "मग दोन वेळा चहा का होत नाही?" असं काहीतरी बोलून त्याची माती केली असती.

तर असा माणूस. आणि या माणसानं स्वतःचे डोळे जन्मात एकदासुद्धा कोणाला उघडून दाखवले नाहीत.

चाळिशी लागली तेव्हा तुम्ही चिकपेटेच्या बाजारात गेलात. रस्त्याकडेला चादरीवर चष्मे मांडून बसलेल्या माणसासमोर उकिडवे बसलात. एकेक चष्मा नाकावर चढवून वर्तमानपत्र वाचून पाहिलंत, आणि ज्यानं अक्षर स्वच्छ दिसलं तो घेऊन आलात. झाली तुमची तपासणी! मी म्हटलं, एकदा डॉक्टरांना दाखवा. तुम्ही पेपराच्या शेवटच्या पानावरची सगळ्यात बारीक जाहिरात मला घडाघडा वाचून दाखवलीत. "आता बोल," म्हणालात. माझं तोंड बंद करायला तुम्ही पुढे किती वर्षं ती युक्ती वापरलीत! मधलं दिसतंय म्हणजे सगळं दिसतंय, असं तुम्ही धरून चाललात. तुमच्यासारख्या माणसानं.

मग सुरू झालं चटणीचं प्रकरण.

सणावाराला आणि पाहुणे आले की आपल्याकडे केळीचं पान. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. तुमच्या घरी आल्यावर मी पहिली शिकले ती कारळ्याची चटणी, तुमच्या आईंच्या हाताखाली. तिच्यावाचून तुमचा घास उतरायचा नाही. आणि एका गणपतीला, चार माणसांदेखत, तुम्ही म्हणालात, "चटणी वाढायची राहिली की ग."

"वाढली आहे," मी म्हटलं.

तुम्ही मान वळवून बघितलंत आणि म्हणालात, "ही आत्ता वाढलीस."

मी आत्ता वाढली नव्हती. मी मघाशीच वाढली होती, सगळ्यांच्या आधी. पण पाहुण्यांसमोर गप्प बसले. पुढच्या सणाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. "ही आत्ता वाढलीस." मला वाटे, माझी फजिती करायला तुम्ही हे मुद्दाम करता. नंतर नंतर तुम्ही मागायचंही सोडलंत. कोशिंबीर तशीच, लिंबाची फोड तशीच, चटणीचा गोळा तसाच. पानं उचलताना मी ते बघायची आणि आतल्या आत जळायची. एकदा रागारागानं मी चटणी उजवीकडे वाढली. तुम्ही मिटक्या मारत खाल्लीत आणि वर म्हणालात, "आज कशी आठवण झाली?" तेव्हा आई अजून होत्या. त्या माझ्यावरच कडाडल्या, "पान असं उलटं वाढतात काय ग? घरात कोण मेलंय?" पुढच्या वेळेपासून चटणी पुन्हा डावीकडे गेली आणि आपलं भांडण पुन्हा सुरू झालं.

चटणी तर सोडाच. तुम्ही दाराच्या चौकटीला खांदा आपटायचात आणि चौकटीला शिव्या द्यायचात. सरोजम्मा अंगणात धुण्याची बादली ठेवायच्या, तुम्ही तिला रोज लाथ मारायचात. "नोडी सार, स्वल्प नोडी!" म्हणून त्या ओरडायच्या, म्हणजे जरा बघून चाला. तुम्ही म्हणायचात, बाई रोज बादलीची जागा बदलते. सायकलीवरून डावीकडून आलेल्या एका गाईवर आदळलात तेव्हा गाय अचानक आली होती. जगातली प्रत्येक गोष्ट तुमच्या डाव्या अंगाला अचानक येत होती, आणि चूक कायम त्या गोष्टीची होती.

सरोजम्मा माझ्यापेक्षा शहाण्या. त्या दर वर्षी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायच्या. म्हातारीला काही होत नव्हतं, तरी जायच्या. मला म्हणाल्या, "अक्का, दुखायची वाट कशाला बघायची? डोळ्यातले कितीतरी रोग दुखतच नाहीत. वर्षातून एकदा दाखवून यायचं, सरी, बरं का?" मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसलात. "म्हातारीला फिरायला मिळतं तेवढंच," म्हणालात.

शेवटी एक दिवस स्वतःच म्हणालात की धूसर दिसतंय. मला तर हायसं वाटलं, आता तरी जाल. कसले जाता! तुम्ही स्वतःच डॉक्टर झालात. "मोतीबिंदू असणार. बाबांना होता. पिकला की काढून टाकू." तुमचे बाबा बेळगावात ओट्यावर बसून मोतीबिंदू पिकायची वाट बघत बघत गेले. त्यांना मोतीबिंदू आहे हे कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. घरच्यांनीच ठरवलं होतं. आईसुद्धा अभिमानानं सांगायच्या, "आमच्या घराण्यात डोळे सावकाश पिकतात." आंब्याची अढी घालावी तसे तुम्ही सगळे डोळे घालून बसलेले! पिकला की नाही हे बघायलासुद्धा कोणाकडे जायचं नाही, कारण अजून पिकला नाही.

मी मागे लागले नाही असं म्हणू नका. दिवाळीनंतर जाऊ म्हणालात, दिवाळी झाली. थंडीत ऑपरेशन चांगलं असतं म्हणालात, थंडी गेली. मग चीनची लढाई लागली, कारखाना रात्रंदिवस चालू झाला, तेव्हा देशापुढे डोळ्यांचं काय घेऊन बसलीस म्हणालात. देशालासुद्धा तुम्ही मध्ये घातलंत. मी एकदा जेवले नाही दिवसभर. तेव्हा मात्र घाबरलात, माझ्या हातावर हात ठेवून शब्द दिलात की पुढच्या आठवड्यात नक्की. पुढचा आठवडा आला तो तसाच गेला.

कारखान्यात चालत्या ढकलगाडीवर जाऊन आदळलात तेव्हा साहेबांनी हुकूमच केला म्हणून गेलात. मी बरोबर होते. डॉक्टरांनी तुम्हाला आडवं केलं, डोळ्यात बधिर करायचे थेंब टाकले आणि एक छोटंसं उपकरण बुबुळावर टेकवलं. कोणी दुसरा असता तर देवाचं नाव घेतलं असतं. तुम्ही विचारलंत, "यात स्प्रिंग आहे की वजन?" डॉक्टर खूश झाले. आत वजन असतं, डोळ्यातल्या पाण्याचा दाब त्यावर कळतो, असं त्यांनी तुम्हाला समजावलं. तुम्ही दोघं दोन इंजिनिअर असल्यासारखे बोलत होतात. त्या क्षणी मला तुमचं कौतुक वाटलं होतं, खरंच सांगते.

मग त्यांनी भिंतीवरच्या काळ्या कापडासमोर तुम्हाला बसवलं. एक डोळा झाकला. मधल्या खुणेवर नजर ठेवायची आणि काळ्या काठीच्या टोकाला लावलेला पांढरा ठिपका दिसला की "दिसला" म्हणायचं. मी तुमच्या मागे बाकावर बसले होते. डॉक्टरांनी डावीकडून ठिपका आणायला सुरुवात केली. मला दिसला. चांगला ठसठशीत पांढरा ठिपका. तो आत आत येत होता आणि तुम्ही गप्प. मला वाटलं, ऐकू आलं नाही की काय. ठिपका अजून आत आला. तुम्ही गप्प. माझ्या तोंडातून "अहो, तो बघा ना" निघालंच होतं, मी पदर तोंडात कोंबला. अगदी मधल्या खुणेशी आल्यावर तुम्ही म्हणालात, "दिसला. हा आत्ता आणलात."

ती सगळी चटणी, सगळी कोशिंबीर, ती बादली, ती गाय, त्या एका वाक्यात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तुम्ही माझी फजिती करत नव्हतात. तुम्हाला दिसतच नव्हतं, आणि दिसत नाही हेही कळत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हा काचबिंदू. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशननं परत मिळते, यात गेलेली मिळत नाही. हा कडेनं खात येतो, दुखत नाही, खुपत नाही, मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं, त्यामुळे माणूस पेपर वाचत असतो आणि आंधळा होत असतो. पिकायची वाट बघण्यासारखं यात काहीच नसतं. चाळिशीनंतर दर वर्षी तपासायला आला असतात तर निदान होतं तेवढं राखता आलं असतं. वडिलांना काय होतं, असं त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, मोतीबिंदू. "कोणी तपासलं होतं?" तुम्ही चष्मा काढून पुसू लागलात. मग डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडांना सांगा, हा रोग घरात फिरतो, त्यांनी लगेच डोळे दाखवायला हवेत.

बसमध्ये तुम्ही एवढंच बोललात, "बॉयलरचा दाब आम्ही दर पाळीला बघतो." मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या जिभेवर जे आलं होतं ते मी त्या दिवशी गिळलं. आज गिळणार नाही. बॉयलर सरकारचा होता, त्याची तुम्ही एवढी काळजी घेतलीत. डोळे माझ्या संसाराचे होते.

पुढे थेंब झाले, ऑपरेशन झालं, उरलेली नजर काही दिवस टिकली आणि मग तीही गेली. नोकरी सुटली. तुम्ही वाईट आंधळे नव्हतात, हे मला कबूल करायलाच हवं. चिडचिड केली नाहीत. नलूचं गणित तोंडी घेतलंत. शिवणाचं मशीन पहिल्या रविवारी हातानं चाचपून उघडायचात, स्क्रू पूर्वीसारखेच ओळीनं, एकही हरवला नाही. मी शेजारी बसून दिव्याच्या वातीसाठी कापूस पिंजायची. त्या दुपारी मी सुखी होते. रागावलेली होते आणि सुखी होते, दोन्ही एकदम असता येतं हे मला तेव्हा कळलं.

पण "तुझं बरोबर होतं, मालती" एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून आलं नाही. एकदा जेवताना तुमचा हात पानावर डावीकडे चाचपडत गेला, चटणीला लागला, तुम्ही ती खाल्लीत आणि म्हणालात, "चटणी नेहमीच वाढायचीस तू." मी तेवढ्यावर समाधान मानावं अशी तुमची अपेक्षा असेल. मी मानलेलं नाही.

तेही एक वेळ सोडते. दत्ताभावजींचं काय? दर दिवाळीला ते यायचे. दर दिवाळीला मी तुम्हाला कोपरानं ढोसायची, सांगा त्यांना. तुम्ही पिकापाण्याचं विचारायचात, ते शिकवतात त्या बेळगावच्या शाळेतल्या मास्तरांचं विचारायचात, पण हे नाही. ते परत गेले की म्हणायचात, "उगाच कशाला त्याला घाबरवायचं?" मी सांगते म्हटलं तर शपथ घातलीत. आंधळं होण्याची तुम्हाला लाज वाटत होती, की बाबांच्या मोतीबिंदूची गोष्ट खोटी ठरेल याची? भावापेक्षा गोष्ट मोठी झाली तुम्हाला. त्यांना सगळ्यांसारखंच वाटत राहिलं, की अण्णाचा मोतीबिंदू बिघडला.

आता पंगतीचं सांगते. तेराव्याला गोडाचं जेवण होतं. मी रिवाजाप्रमाणे आत, स्वयंपाकघराच्या दाराशी बसले होते. नलू वाढत होती. दत्ताभावजींच्या पानावर तिनं मीठ, लिंबू, चटणी वाढली आणि पुढे गेली. मी बघत होते. भावजी म्हणाले, "नलू, चटणी राहिली की ग."

"वाढली की काका."

त्यांनी मान वळवून बघितलं आणि म्हणाले, "ही आत्ता वाढलीस."

माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. मी उठले आणि पंगतीत आले. बायका "अग, अग" करत होत्या. मी भावजींच्या डाव्या बाजूला उभी राहून हात हलवला. त्यांची मान हलली नाही. अजून पुढे आणला. नाही. चौथ्या पानावरचे तुमचे चुलतकाका ओरडले, "सूनबाई, हे काय चाललंय? आजच्या दिवशी?" मी म्हटलं, "भावजी, उठा. या पानावर बसायचं नाही तुम्ही. मी खरं काय ते सांगते, आणि उद्या सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं." ते बिचारे भाताचा हात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. "वैनी, मला काय झालंय? पेपर वाचतो की मी रोज," म्हणाले. मला हसू आलं की रडू, मला सांगता येणार नाही. अण्णांना मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता, एवढं सांगून तुमची शपथ मी त्या पंगतीत मोडली. लागायची असेल तर लागू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या लुगड्यातली मी त्यांना घेऊन घराबाहेर पडले. चौदाव्या दिवशी विधवा बाई उंबरा ओलांडते म्हणून मागे कुजबुज झाली. सरोजम्मा मात्र फाटकाशी रिक्षा घेऊन उभ्या होत्या. तेच डॉक्टर, तेच काळं कापड, तोच ठिपका. मी पुन्हा मागच्या बाकावर. डावीकडून ठिपका निघाला. या वेळी मी पदर आधीच दातांत धरला होता. निम्म्या वाटेवर भावजी म्हणाले, "दिसला."

निम्म्या वाटेवर, ऐकताय? डॉक्टर म्हणाले, थोडं गेलंय, पण बरंच शिल्लक आहे आणि ते राखता येईल. थेंब रोज घालायचे, जन्मभर. तपासायला यायचं, नेमानं. भावजी थेंबांनी कपाळ दुखतं म्हणून कुरकुरत होते, परत यायला सवड कुठली म्हणत होते. अगदी तुमचाच सूर. मी त्यांना सांगितलं, आला नाहीत तर मी बेळगावात येऊन तुम्हाला शाळेतून मुलांसमोर ओढून आणीन. म्हणून ते चिडून गेले. चिडू देत.

त्या दिवशी दवाखान्यातून आम्ही निघताना डॉक्टरांनी भावजींना विचारलं, "तुमच्या भावाला मी बजावून सांगितलं होतं, भावंडांना पाठवा म्हणून. त्यांनी सांगितलं नाही?" भावजींनी माझ्याकडे बघितलं. अण्णाला माहीत होतं आणि अण्णानं मला सांगितलं नाही, एवढं त्यांना त्या वेळी कळत होतं. मी खरं काय ते एका शब्दानं बोलले असते तर तुमचा धाकटा भाऊ तुम्हाला कायमचा तुटला असता. तुमच्यावर माझा एवढा राग आहे, तरी मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, "या दिवाळीला सांगणारच होते ते. त्याआधीच पडले."

हे खोटं मी तुमच्यासाठी बोलले. आपलं भांडण मिटलं असं समजू नका.